ट्रेडलवाल्या काकांना, एका कार्डवालीचं पत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण समोर आभार मानायला लागलं की तुम्ही मानूच देत नाही. ‘कागदाचं सांगितलं, त्यात काय एवढं?’ म्हणता आणि पुन्हा ट्रेडलकडे, तुमच्या त्या जुन्या छपाई मशीनकडे, वळता. आता तुमचा नातू हे वाचून दाखवेल तेव्हा शेवटपर्यंत ऐका, एवढीच विनंती.

मी तुमच्याकडे आले होते ती दिवाळीच्या कार्डांसाठी पणतीच्या आकाराची डाय, म्हणजे कागद कापायचा साचा, करून घ्यायला. पेठेतल्या त्या बोळात लग्नपत्रिकांचे गठ्ठे पंचिंगसाठी, म्हणजे डायने कापून घ्यायला, रांगेत होते, आणि माझं काम त्यातल्या सगळ्यात लहान ऑर्डरीपुढेही किरकोळ होतं. तरी तुम्ही स्टूल पुढे केलंत, माझं नमुन्याचं कार्ड हातात घेतलंत आणि पणतीकडे न बघता आधी घडीवरून बोट फिरवलंत. ‘ग्रेनच्या विरुद्ध मोडलंय,’ म्हणालात.

कागद बनताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला लागतात, त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सरळ बसते आणि आडवी घातली तर 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) जाड कागद घडीवर फुटतो, हे तुम्ही कातरणाचा एक तुकडा एका बाजूने ओला करून दाखवलंत. तुकडा आपोआप वळून नळी झाली आणि नळीची लांबी ज्या दिशेला, तोच ग्रेन. मग ए4 कागदाचा हिशोब मांडलात. ग्रेन लांब बाजूने असेल तर कागद आधी आडवा मधोमध कापायचा आणि त्या अर्ध्याची घडी 148 मिमीच्या बाजूला समांतर घालायची. उभा कापला तर कार्डं तेवढीच निघतात, पण सगळी ग्रेनच्या विरुद्ध. क्रीज, म्हणजे घडीसाठी दाबून काढलेली रेघ, मारल्यावर जो उंचवटा येतो तो घडीच्या आत राहायला हवा, हेही तेव्हाच कळलं.

पण मी खरी ऋणी आहे ती पॅकिंगच्या, म्हणजे दाब सारखा पडावा म्हणून मागून कागद लावण्याच्या, धड्यासाठी. माझ्याकडे घरी हाताने फिरवायचं छोटं मशीन आहे. दोन रुळांमधून प्लेटांची चळत जाते, मध्ये कागद आणि त्यावर पातळ पोलादी डाय. नाजूक जाळीची डाय असली की एक कोपरा कापला जायचा नाही. या छंदातली जाणकार मंडळी अशा वेळी नवी प्लेट घ्या, मोठं मशीन घ्या असं सुचवतात. तुमची डाय निराळी. प्लायवूडमध्ये बसवलेली 23.8 मिमी उंचीची पाती, शेजारी क्रीजिंगची किंचित बुटकी, बोथट पट्टी, आणि कापलेला कागद अडकू नये म्हणून चिकटवलेले रबराचे तुकडे. तरी अडचण तीच आहे, हे तुम्ही लगेच ओळखलंत. ट्रेडलवर एक ठोका घेतलात, कागद उजेडात धरलात आणि जिथे पातं उमटलं नव्हतं नेमक्या तेवढ्याच जागी मागून पातळ कागदाची चिठ्ठी चिकटवलीत. पुन्हा ठोका. मग आणखी एक चिठ्ठी, पहिलीपेक्षा लहान. दाब सगळीकडे वाढवायचा नाही, कमी पडतो तिथेच द्यायचा, एवढंच म्हणालात.

घरी येऊन मी प्लेटखाली बटर पेपरचे तुकडे लावत गेले आणि ती जाळी कोपऱ्यापर्यंत सुटली. नवं काही विकत घ्यावं लागलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं, काका. कार्ड बनवणं हळूहळू खरेदीचा छंद होत चाललं आहे, आणि तुम्ही मला ते पुन्हा हाताचं काम म्हणून दाखवलंत.

शिक्क्यांचंही तसंच. डायखाली कडक हवं, शिक्क्याखाली मऊ, म्हणून कागदाखाली वर्तमानपत्राच्या दोन घड्या ठेवायला सांगितलंत. शाईचं पॅड शिक्क्यावर हलकं थापायचं, चोळायचं नाही. आता बारीक अक्षरंसुद्धा भरून जात नाहीत.

पुण्यात शिवाजीनगरच्या 1940 सालापासूनच्या हातकागद संस्थेत मला धाडलंत तेही तुम्हीच. त्या सुती चिंध्यांच्या कागदाला मशीनच्या कागदासारखा ठळक ग्रेन नसतो, पण त्याच्या खरखरीत अंगावर बारीक शिक्का उमटत नाही. म्हणून मी पणती त्यातून कापते आणि ‘शुभ दीपावली’ गुळगुळीत कागदावर उमटवून वर चिकटवते. फोम टेपचा थर मात्र बेताने लावते, कारण पाकीट 20 ग्रॅमच्या वर गेलं की टपालाचं तिकीट वाढतं.

आणि ती कातरणं! पत्रिकांच्या कडेच्या पट्ट्या, सोनेरी, मोतिया, गडद मरून. रद्दीत घालण्याऐवजी तुम्ही त्या माझ्यासाठी पिशवीत भरून ठेवता. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींचा पहिला धडा आता त्याच पट्ट्यांवर होतो: तुकडा ओला करा, ग्रेन ओळखा. हे कुठून आलं, ते मी प्रत्येकीला सांगते.

तुम्ही सगळं आयुष्य छपाईत काढलंत. आता तुमचं ट्रेडल छापत नाही, पंचिंग आणि नंबरिंग तेवढं करतं. त्याचं तुम्हाला वाईट वाटतं, हे एकदाच बोलला होतात. पण त्या मशीनवर तुमच्या हातांनी जे कमावलं ते आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलांवर रोज वापरात आहे. हे तुमच्यापर्यंत पोचावं म्हणूनच हा कागद काळा केला.

संक्रांतीच्या कार्डासाठी पतंगाची डाय मनात आहे. पतंग कार्डातून पूर्ण सुटायला नको, शेपटीपाशी जोडलेला राहायला हवा. पात्यात खाच कुठे ठेवायची ते तुम्हीच सांगा. पत्रिकांची गर्दी ओसरली की चित्र घेऊन येते.

तुमची,
पणतीच्या डायवाली