स्पॅनिशची क्रियापदं आपल्या पोरांना मराठीतून शिकवा

मा. संपादक,
स.न.

आपल्या पेपरात हल्ली परदेशी भाषा आणि त्यातून मिळणाऱ्या नोकऱ्या यावर बरंच छापून येतं, वाचून बरं वाटतं, पण त्यात एक मुद्दा कायम राहून जातो म्हणून हे पत्र लिहितेय. मी रत्नागिरीत स्पॅनिश शिकवते. माझ्याकडे येणारी पोरं दापोली, गुहागर, राजापूर, देवगड ह्या बाजूची, कुणी क्रूझवर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, नाहीतर हाऊसकीपिंगला जाणार असतं, कुणी हॉटेल मॅनेजमेंट केलेलं, कुणाचा आंब्याचा धंदा आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांशी बोलायचं म्हणून आलेलं. हुशार आहेत, मेहनती आहेत. आणि त्यातली बरीचशी आधी कुठल्यातरी शहरात क्लास करून आलेली असतात, 'बोलणं' ह्या स्पॅनिश क्रियापदाचं आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान हे एका दमात म्हणून दाखवतात. पण काल काय केलंस असं स्पॅनिशमध्ये विचारलं की गप्प.

दोष पोरांचा नाही, शिकवण्याचा आहे. स्पॅनिशमध्ये आर, एर, इर अशा तीन शेवटांची क्रियापदं, प्रत्येक काळात सहा रूपं, सगळी मोजली तर एकेका क्रियापदाची पन्नासच्या वर जातात. हा सगळा डोंगर पोरांना इंग्रजीतून दाखवतात. आता इंग्रजीत क्रियापद फारसं बदलतच नाही, त्यामुळे पोराला वाटतं हे काहीतरी भलतंच अवघड आहे, आपल्याला जमणारं नाही. आणि तेच पोर घरी जाऊन आईशी बोलताना करतो, करतोस, करतात, केलं, करायचो, करावं, केलं असतं हे सगळं न अडखळता वापरत असतं! कुठलं रूप कुठे हे त्याला कुणी शिकवावं लागलेलं नाही. मग ह्या जाणिवेचा उपयोग स्पॅनिश शिकवताना का करायचा नाही, हा माझा प्रश्न आहे.

अगदी पहिल्या आठवड्यातलं सांगते. आवडणं. स्पॅनिशमध्ये मे गुस्ता एल मांगो म्हणजे मला आंबा आवडतो, आणि मे गुस्तान लोस मांगोस म्हणजे मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं, माझ्याप्रमाणे नाही, हुबेहूब आपल्यासारखं. डोकं दुखतं हे पण तसंच, मे द्वेले ला काबेसा. इंग्रजीतून हे समजवायला गेलं की वाक्य उलटं फिरवावं लागतं, मग पोरं 'मी' पासून सुरुवात करून यो गुस्तो असं काहीतरी लिहितात. मराठीतून सांगितलं की दोन मिनिटांचं काम आहे. दर वेळी 'मी' म्हणायची गरज नाही हे पण आपल्याला आपसूक कळतं, जातो म्हटलं की कोण जातो ते कळतं, तसंच नुसतं बोय म्हटलं की पुरे.

पण खरी मजा भूतकाळात आहे आणि खरी दाणादाण पण तिथेच उडते. स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन. मी गेलो म्हणजे फुइ, मी जायचो किंवा जात होतो म्हणजे इबा. इंग्रजीतून शिकलेली पोरं दोन्हीकडे एकच इंग्रजी रूप डोक्यात धरून बसतात आणि मग नियम पाठ करतात, काम लांबलचक असेल तर एक काळ, झटपट झालं तर दुसरा. हा नियमच चुकीचा आहे. पाच वर्षं मालवणात राहिलो हे बिबि सिंको आन्योस एन मालवण असंच होतं, पाच वर्षं म्हणजे कमी वेळ आहे का? पण ती पाच वर्षं संपली, मोजून झाली, म्हणून फुइच्या जातीचं रूप. मराठीत तरी आपण काय म्हणतो, पाच वर्षं राहिलो. राहायचो नाही म्हणत. मग कान लावायचा तो ह्याच्याकडे.

माझ्या एका विद्यार्थ्याला मी एकच वाक्य करायला दिलं होतं: लहान असताना आजोबांबरोबर बंदरावर जायचो आणि एक दिवस आम्हाला डॉल्फिन दिसला. त्याने लिहिलं, क्वान्दो एरा निन्यो, इबा आल प्वेर्तो कोन मि आब्वेलो, इ उन दिया बिमोस उन देल्फिन. असताना, जायचो ही दोन्ही एका काळात, दिसला हे दुसऱ्या काळात, सगळं बरोबर. तो हर्णैचा आहे, ते बंदर आणि तो आजोबा त्याचा स्वतःचा आहे, त्यामुळे कुठली गोष्ट रोजची आणि कुठली एकदाच घडलेली हे त्याला चार्ट बघून ठरवावं लागलं नाही. त्याच्याच जहाजावरच्या कामाचं वाक्य घेतलं तरी तेच. काम करत होतो तेवढ्यात अलार्म वाजला: म्येंत्रास त्राबाखाबा, सोनो ला आलार्मा. काल दहापर्यंत काम केलं: आयेर त्राबाखे आस्ता लास द्येस. इथे त्राबाखाबा म्हटलं तर ऐकणारा वाट बघत बसतो की दहापर्यंत काम करत होतास, बरं, मग काय झालं? सुपरवायझर कोलंबियाचा असला तर तो बिचारा पुढच्या वाक्याची वाट बघणार.

आणि ह्याहून चांगला पुरावा हवा असेल तर माहीत असणं बघा. साबिया म्हणजे मला माहीत होतं, सुपे म्हणजे मला कळलं. क्रियापद एकच, साबेर, काळ बदलला की अर्थ बदलतो. कोनोसिया म्हणजे ओळखत होतो, कोनोसि म्हणजे ओळख झाली. इंग्रजीच्या वाटेने गेलात तर हे अपवाद म्हणून पाठ करावे लागतात, पुस्तकात त्यांची वेगळी चौकट असते. मराठीत आपण कळलं आणि माहीत होतं ह्यात कधी गोंधळ करतो का?

आता सुब्खुन्तिबो, ज्याच्या नावाने पोरं घाबरतात. डेले ह्या स्पॅनिशच्या परीक्षेत साधारण बी१, म्हणजे मधल्या लेव्हलला हा भाग येतो आणि तिथे गळती लागते. अहो पण हा आपला विध्यर्थ आहे, म्हणजे निदान त्याचा सख्खा शेजारी तरी. तू गणपतीला घरी यावंस असं मला वाटतं. यावंस! येतोस नाही, येशील नाही. स्पॅनिशमध्ये पण क्येरो के बेंगास, ब्येनेस नाही. मला हवंय, माझी इच्छा आहे, गरज आहे, असं काही पुढे आलं आणि करणारा माणूस बदलला की क्रियापदाचा चेहरा बदलतो, दोन्ही भाषांत. आपल्याकडे शाळेत स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ हे सगळ्यांनी केलेलं असतं, रीतिभूतकाळ पण केलेला असतो. मालगुंडच्या केशवसुतांचे भाऊ मोरो केशव दामले यांनी मराठीचं एवढं मोठं शास्त्रीय व्याकरण १९११ साली लिहून ठेवलंय, त्याच्याही आधी दादोबा पांडुरंगांचं १८३६ सालचं आहे. शब्द तयार आहेत, समज तयार आहे. आपणच ती दहावीच्या पेपरनंतर कपाटात टाकतो आणि परदेशी भाषा शिकायला रिकाम्या हाताने जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मराठीतून सगळंच आपोआप जमेल असं माझं म्हणणं नाही. काही ठिकाणी मराठीच पाय ओढते आणि ती ठिकाणं शिकवणाऱ्याने आधीच दाखवून द्यायला हवीत. आपण म्हणतो रत्नागिरीला पोचलास की फोन कर. पोचलास हे रूप भूतकाळाचं, पण गोष्ट पुढची. पोरं सरळ येगास्ते लिहितात, आणि तो झाला खराखुरा भूतकाळ. तिथे पाहिजे क्वान्दो येगेस, यामामे. दुसरं, आपण मी आंबा खाल्ला आणि मी कैरी खाल्ली म्हणतो, भूतकाळात क्रियापद खाल्लेल्या वस्तूच्या मागे जातं. स्पॅनिशमध्ये तसं नाही, आंबा खा नाहीतर सफरचंद, मी खाल्लं म्हणजे कोमि. मुलगा बोलो की मुलगी, जातो-जाते दोन्हीला बोयच, फक्त दमलो-दमले मध्ये फरक पडतो, एस्तोय कान्सादो आणि एस्तोय कान्सादा. आणि पैसे असते तर लाँच घेतली असती ह्या एका मराठी वाक्यात आत्ताची गोष्ट पण बसते आणि गेल्या वर्षीची पण. स्पॅनिशला ते चालत नाही. आत्ताचं असेल तर सि तुब्येरा दिनेरो, कोम्प्रारिया उना लांचा, गेलेल्या संधीचं असेल तर दोन्हीकडे आबेर हे साहाय्यक क्रियापद जोडून वेगळी बांधणी करावी लागते. आणि सेर, एस्तार ह्या दोन क्रियापदांना आपल्याकडे एकटं 'असणं' आहे, तिथे मराठीची मदत थोडीच होते, त्याला सराव हाच उपाय.

एक छोटं पण रोज लागणारं. कुणी हाक मारली की आपण आलो आलो म्हणतो, म्हणून पोरं बेंगो, म्हणजे येतो, असं म्हणतात. स्पॅनिश माणूस अशा वेळी बोय म्हणतो, या बोय, कारण तो स्वतःच्या जागेवरून निघालेला असतो. गॅलीत शेफने हाक मारली की हेच लागणार.

आणि आघाताबद्दल तर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. आपण मराठीत शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर दिला याने अर्थ बदलत नाही, त्यामुळे पोरं तिकडे लक्षच देत नाहीत. पण पागो म्हणताना जोर पा वर आला तर मी पैसे देतो, गो वर आला तर त्याने पैसे दिले. माणूस पण बदलला आणि काळ पण. लिहिताना शेवटच्या ओ वर एक छोटी तिरकी रेघ असते, मोबाईलवर टाईप करताना पोरं ती सोडून देतात आणि वहीत देवनागरीत लिहून घेतलं तर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून मी जोर असलेल्या अक्षराखाली रेघ मारून घेते. बिल, काउंटर, कॅश अशा ठिकाणी काम करणाऱ्याला हा फरक कानाने कळलाच पाहिजे.

माणूस बघून रूप बदलायचं हे तर आपल्याला शिकवायलाच नको. पाहुण्याला काय हवंय तुला असं आपण विचारत नाही. पॅसेंजरला के देसेआ, मित्राला के देसेआस. उस्तेद म्हणजे समोरचा माणूस पण क्रियापद तो-तीचं, आपलं आदराचं 'आपण' वेगळ्या वाटेने तिथेच जातं. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला बोसोत्रोस, लॅटिन अमेरिकेत सगळ्यांना उस्तेदेस, अर्जेंटिनात तू च्या जागी बोस आणि त्याबरोबर तेनेस, केरेस अशी शेवटावर जोर दिलेली रूपं. जहाजावर हे सगळे एका मेसमध्ये जेवतात. म्हणून आब्लाइस हे पाचवं रूप ओळखता आलं तरी पुरे, पण बाकीची पाच तोंडात बसलेली हवीत.

माझी विनंती साधी आहे. आपल्या पुरवणीत स्पर्धा परीक्षांना जागा असते, तशी आठवड्याला चार-पाच वाक्यांची एक चौकट स्पॅनिशला द्या, आधी मराठी वाक्य, त्याखाली स्पॅनिश, आणि क्रियापदाचं रूप तेच का ह्यावर दोन ओळी. मच्छीचा लिलाव, एसटी चुकली, शिमग्याला घरी यावंस, पाऊस पडत होता तेवढ्यात लाईट गेली, वाक्यांना आपल्याकडे तोटा नाही. मजकूर मी लिहून देईन, मानधन नको. आणि जिल्ह्यात कुणी स्पॅनिश शिकवत असेल तर त्यांनी चार्ट फाडून टाकू नये, तो लागतोच, पण तो वाक्यांनंतर द्यावा. पोरांना आधी दहा-बारा वाक्यं त्यांच्या घरातली करू द्या, त्यातली रूपं त्यांनाच वेगळी काढून मांडू द्या, चार्ट त्यांच्याच हातून तयार होतो आणि तो विसरत नाहीत. मराठीतून स्पॅनिश व्याकरण सांगणारं, वाक्यांवरून चालणारं चांगलं पुस्तक कुणाच्या माहितीत असेल तर वाचकांनी ह्याच सदरात जरूर कळवावं, नसेल तर कोकणातल्या आणि बाहेरच्या शिक्षकांनी मिळून ते लिहायला घ्यावं, माझ्या वह्या मी द्यायला तयार आहे.

आपली,
स्पॅनिश शिकवणारी एक वाचक, रत्नागिरी