ग्रामसभेने ठरवलं, पण गाडी कोण अडवणार?

संपादक साहेब, नमस्कार,

आपल्या मध्य प्रदेशात २०२२ पासून पेसा नियम (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे नियम) लागू आहेत, आदिवासी भागात ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय नवं दारूचं दुकान उघडता येत नाही, चांगलंच आहे. पण झाबुआ-धारकडच्या एखाद्या गावाने नाही म्हटलं तरी हद्दीबाहेरून पिऊन येणाऱ्या बाईकवाल्याला ग्रामसभा कशी थांबवणार, ते काम पोलिसांचंच ना. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्यांदा १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पण मशीनमध्ये फुंकायला लावणारं कोणी रस्त्यावर दिसायला तर पाहिजे!

भगोरियाच्या, म्हणजे होळीच्या आधीच्या आदिवासी जत्रेच्या, आधी ठाणेदाराने गावच्या तडवीसोबत (गावप्रमुखासोबत) बसून नाके कुठे लावायचे ते ठरवावं, अंधारे वळण कुठलं आणि तीन-तीन जण बसून कुठून येतात हे तडवीलाच ठाऊक असतं. घरच्यापुरत्या मोहाच्या दारूची सूट आदिवासींना कायद्यानेच आहे, तिच्या नावावर उगाच त्रास नको.

आणि हो, आपले इंदूरवाले लगेच आदिवासींकडे बोट दाखवतात, रात्री बायपासच्या ढाब्यांबाहेर कोणाच्या गाड्या उभ्या असतात तेही बघा जरा.

एक वाचक, रामबाग, इंदूर