‘आवाज कमी कर’

ती. आई आणि बाबा,

सा. न.

हे फोनवर सांगायला गेले तर आई विचारणार, ‘जेवलीस का?’ आणि बाबा मागून ओरडणार, ‘काय म्हणतेय ती?’ म्हणून लिहायला बसले. मी ठीक आहे. गिटारही आता बरीचशी ठीक आहे. मधले तीन आठवडे मात्र आम्हा दोघींचं काही खरं नव्हतं.

व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर यायची, जॅकमधली पिन जरा हलली की आवाज गुल, आणि पहिल्या चार-पाच फ्रेटना (दांड्यावरच्या त्या आडव्या धातूच्या पट्ट्या) तारांनी खाचा पाडल्या होत्या. मी वर्षभर टाळलं, मग एका दुरुस्ती करणाऱ्याकडे दिली. परत आली तेव्हा दिसायला झकास. फ्रेट घासून एका पातळीत, दांड्याच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, म्हणजे नट, नवा, हाडाचा, तारा नव्या, खरखरीचं नाव नाही. घरी येऊन अँपला जोडली, एक साधा ई कॉर्ड वाजवला आणि पोटात खड्डा पडला. आजीला नवी कवळी बसवली तेव्हा ‘स’ म्हणताना शिटी वाजायची, आठवतं? तसं झालं होतं. शब्द तेच, माणूस तेच, पण प्रत्येक स्वराच्या काठाला शिटी.

आधी वाटलं, तारा नव्या आहेत, नव्या तारा चार दिवस चमचमतातच. दोन आठवडे रोज वाजवलं. तारा मळल्या, शिटी तशीच. मग नटावर संशय घेतला, पण तो फार टिकला नाही. नटाचा संबंध फक्त मोकळ्या तारेशी. बोटाने तार फ्रेटवर दाबली की नट खेळाबाहेर, आणि माझी शिटी तर बाराव्या फ्रेटवरही वाजत होती. मग पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडून अँपकडे धाडणारे ते तीन ठोकळे. दुरुस्तीवाल्याने ते तारांच्या फार जवळ चढवले होते. आत चुंबक आहेत, जवळ गेले की तारेलाच ओढतात. जाड तारेचा स्वर वरच्या फ्रेटवर गटांगळ्या खात होता, तो त्यामुळे. स्क्रू फिरवून थोडे खाली घेतले, गटांगळ्या थांबल्या. शिटी नाही थांबली.

खरी भीती अशी होती की पिकअपच गेला की काय. केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात त्यात. एखादा कुठे बिघडला असता तर तो आवाज संपलाच. मल्टीमीटर लावला. तिन्ही पिकअप ६ किलोओहमच्या आसपास, अगदी ठणठणीत. (हो, बाबा, तो मल्टीमीटर माझ्याकडे आहे. तुम्ही दोन वर्षं माळा उपसताय हे मला माहीत होतं. रागवा खुशाल.)

त्या माणसाने काढलेले जुने भाग एका पिशवीत घालून परत दिले होते. मी पिशवी उघडलीच नव्हती. परवा रात्री उघडली. तीन गंजके पॉट (बटणाखाली फिरतात ते), जॅक, तुटक्या वायरी. व्हॉल्यूमचा पॉट उलटा केला तर पाठीवर सोल्डरचा हा एवढा गोळा, वाटाण्याएवढा, एका बाजूला जळून काळा. बाबा, तो तुमचा. मी बारावीत असताना अर्थची वायर सुटली होती आणि तुम्ही रेडिओचा जाडा सोल्डरिंग गन घेऊन बसला होतात. ‘आधी जागा तापव, मग तार टेकव. जागा थंड असली की डाग धरत नाही.’ एवढी वर्षं धरला होता.

गोळ्याच्या बाजूला आकडा दिसला: २५०. नव्या पॉटवर ५००. तिथे उलगडा झाला.

आई, हा एक परिच्छेद तू सोडलास तरी चालेल. बाबा, पॉट सिग्नल आणि अर्थ यांच्या मधे बसतो. बटण पूर्ण उघडलं तरी थोडं पाणी मोरीकडे झिरपतंच, आणि सगळ्यात आधी मार बसतो तो वरच्या, धारदार भागाला. २५० किलोओहमचा जास्त झिरपू देतो, म्हणून आवाज मऊ. ५००चा कमी, म्हणून धार तशीच राहते. दोन कॉइलच्या हंबकर पिकअपचा आवाज मुळात जाड, त्याला ५०० लावतात. माझे एका कॉइलचे, त्यांना २५० हवा. त्या माणसाने वाईट काम केलं असं नाही, हाताला आला तो पॉट लावला. माझ्याच लक्षात आलं नाही हे जास्त लागलं.

मग तिन्ही पॉट मीच बदलले. २५० लिहिलेलं असलं तरी वीस टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणून मोजूनच लावले. तुमचा जुना २१८ भरला. त्याच्या जवळचा नवा मिळाला तो २३१. तुमच्याइतका मोठा गोळा काही जमला नाही.

आता आवाज परत आलाय. जवळजवळ. हा ‘जवळजवळ’ मला झोपू देत नाही. ताडून बघायला जुनं एकच रेकॉर्डिंग सापडलं, फोनवरचं, सव्वा मिनिटाचं. मी काहीतरी वाजवतेय आणि चाळिसाव्या सेकंदाला आतून बाबांचा आवाज, ‘अगं, कमी कर जरा!’ ते मी पन्नासदा ऐकलं असेल. पण फोनचा माइक तो केवढा, आणि वर माझी आठवण तिच्या सोयीने गोड झालेली. त्यातून काय ठरवणार?

म्हणून काम तुमच्याकडे आहे, बाबा. आई सांगत होती, कानाची यंत्रं तुम्ही चौथ्या दिवशी खणात टाकलीत. भांडी डोक्यात वाजतात, वर्तमानपत्र पत्र्यासारखं खडखडतं, सगळे चिरके बोलतात. मी आधी हसले होते. आता नाही हसत. वयाबरोबर आधी वरचे स्वर जातात, आणि गिटारच्या बाविसाव्या फ्रेटचाही मूळ स्वर १२०० हर्ट्झच्या आतच असतो. तिची धार त्याच्या वरती, २-३ हजारांपासून पुढे, म्हणजे तुम्हाला इतकी वर्षं कमी येत होतं नेमकं तिथे. यंत्राने ते एकदम परत दिलं. तुमच्या डोक्यात कुणीतरी ५००चा पॉट लावलाय, एवढंच. फरक असा की तुमचा काढायचा नाहीये. ऑडिओलॉजिस्ट थोडं कमी-जास्त करून देतात, आणि सवय व्हायला काही आठवडे तरी लागतात. चार दिवसांत माझ्या ताराही मळल्या नव्हत्या.

पुढच्या महिन्यात येते तेव्हा गिटार आणते. तोवर रोज थोडा वेळ तरी घाला, निदान आई बोलत असताना. (आई, हे तुझ्यासाठी.) मग मी तेच वाजवेन, रेकॉर्डिंगमधलं. तुम्ही आतल्या खोलीत बसायचं, दार लोटून, पूर्वीसारखं. एकदा यंत्रं काढून, एकदा लावून. आपली वाटली तर काही बोलू नका. नुसतं ओरडा, ‘कमी कर जरा!’

तुमची,
धाकटी

ता. क. जुना पॉट फेकलेला नाही. टेबलावर, पेनांच्या डब्यात आहे.