शनिवारी मूकपट : सातला दारात हजर राहा

मंडळी, येत्या शनिवारी पालो आल्टोच्या स्टॅनफर्ड थिएटरमध्ये संध्याकाळी साडेसातचा मूकपट बघायला जायचं आहे.

• ७ वाजता तिकीट खिडकीपाशी भेटू. तिकीट ज्याचं त्याने काढायचं.

• उशीर अजिबात नको. खेळाआधीचं ऑर्गनवादन हे तिथे जायचं निम्मं कारण. वुर्लिट्झर ऑर्गन (मूकपटांच्या साथीसाठी बनवलेला भला मोठा पाइप ऑर्गन) वादकासकट पडद्यापुढच्या खड्ड्यातून वर येतो, ते चुकलं तर नंतर हळहळू नका.

• चित्रपटभर साथ त्याच ऑर्गनची. ढोल, झांजा, घंटा ऐकू येतील त्या रेकॉर्ड केलेल्या नाहीत. ऑर्गनलाच जोडलेली खरी वाद्यं असतात ती. म्हणून पडद्यावरच्या संवादांच्या पाट्या शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवू नयेत. मुलांना गोष्ट घरीच सांगून आणा.

• मोबाइल बंद. व्हायब्रेटवर नव्हे, बंद.

थिएटर १९२५ सालचं. त्या काळात आपल्याकडे मूकपटांना पेटी-तबल्याची साथ असायची, हे आजी-आजोबांना आवर्जून सांगा, तेही येतील.

शुक्रवार रात्रीपर्यंत इथे नाव टाका. गाडीत जागा असेल तर तेही लिहा. कॅलट्रेनने येणाऱ्यांना स्टेशनवरून चालत येता येईल.