पॅनकेक करा, पण चाळणी खाली ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत ‘न्याहारीसाठी पौष्टिक होल ग्रेन पॅनकेक’ अशी पाककृती छापून आली. मी काही पाककृती वाचणारा माणूस नाही. पुरवणीतलं शब्दकोडं सोडवतो आणि मग ती डब्यांखाली अंथरतो. पण सोमवारी सकाळी गिरणीचं शटर वर केलं, तर एक ताई डबा घेऊन उभ्याच. म्हणाल्या, “आबा, पॅनकेकनं पीठ दयी द्या.”

चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात मी 36 वर्षं पिठाची गिरणी चालवतो. गव्हाचं, दादर ज्वारीचं, बाजरीचं, ज्वारी-उडदाच्या कळण्याचं, थालीपिठाच्या भाजणीचं, पापडासाठी उडदाचं, असं सगळं दळून झालं. पॅनकेकचं दळण पहिल्यांदाच आलं. मी म्हटलं, त्यात घालायचं काय? तेव्हा ताईंनी पिशवीतून आपल्या पुरवणीचं कात्रण काढलं. चष्मा लावून वाचलं. एक वाटी गव्हाचं पीठ, एक वाटी दूध, बेकिंग पावडर, साखर, वर मेपल सिरप. इथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. पण दुसरी ओळ अशी होती : ‘पीठ मैद्याच्या बारीक चाळणीने दोनदा चाळून घ्यावे, म्हणजे पॅनकेक हलके होतात.’

संपादक महाराज, मी हे पत्र लिहितोय ते या एका ओळीसाठी.

होल ग्रेन म्हणजे अख्खा दाणा. गव्हाच्या दाण्यात साधारण 83 टक्के पांढरा गर असतो, 14-15 टक्के वरचा कोंडा आणि अडीच टक्क्यांच्या आसपास अंकुर. चोथा जवळपास सगळा कोंड्यात, आणि तेल, जीवनसत्त्वं यांचा मोठा वाटा कोंडा नि अंकुर यांच्यात. आता हेच पीठ मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळलं तर काय राहील? मी त्याच दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, वजनकाट्यावर करून बघितलं. एक किलो गहू दळला, घरातली मैद्याची चाळणी आणली आणि आपण म्हणता तसा दोनदा चाळला. चाळणीत वर राहिलं ते सव्वाशे ग्रॅम भरलं. संध्याकाळी ते म्हशीच्या आंबोणात गेलं. म्हणजे त्या पाककृतीच्या नावातला जो ‘पौष्टिक’ शब्द आहे, तो आमच्या म्हशीने खाल्ला.

कुणाला वाटेल, गिरणीवाला चाळणीवर राग धरून बसलाय. तसं नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्याकडे खापरावर पुरणाचे मांडे होतात. त्याचं पीठ वस्त्रगाळच लागतं, नाहीतर मांडा हातावर फिरवताना कोंड्याच्या कणाशी फाटतो. त्या आठवड्यात बाया गहू ओलवून, वाळवून आणतात आणि ‘आबा, बारीक पडू द्या’ म्हणून डोक्यावर उभ्या राहतात. मी दगड आवळून देतो. मांडा हा सणाचा पदार्थ, त्याला कुणी पौष्टिक म्हणून खात नाही, आणि म्हणूनही नये. जिथे कोंडा नको तिथे चाळा. पण ज्याच्या नावातच अख्खा दाणा आहे, त्यातून दाण्याची साल काढून टाकायला सांगू नका.

आता पॅनकेकचं सांगतो, कारण नुसती चूक काढून पत्र टाकलं तर आपण म्हणाल, स्वतः काय केलंस?

मंगळवारी सुनेला म्हटलं, करून तर बघू, नातू रोज सकाळी बिस्किटाचा पुडा मागतो. पीठ मी आणलं, न चाळलेलं. बाकी सगळं आपल्या मापाने. घरात बेकिंग पावडर नव्हती म्हणून सुनेने खाण्याचा सोडा घातला, चमचा शिगोशीग भरून. पीठ कालवलं तेव्हा बरं दिसलं, पण पाचेक मिनिटांत असं घट्ट झालं की पळी त्यात उभी राहिली. तव्यावर पसरेना, नुसता गोळा बसला. वरून करपलं, आत कच्चं, आणि चव कपडे धुवायच्या साबणासारखी. नातवाने एक घास घेतला, ताट लोटलं आणि म्हणाला, “आबा, हाई भाकर से.” आमच्या भाकरीचा एवढा अपमान मी आजवर ऐकला नव्हता.

दोन्ही चुका पिठातल्याच, आणि दोन्ही समजण्यासारख्या. मैद्याला लागतं तेवढं पाणी अख्ख्या पिठाला पुरत नाही. कोंडा पाणी पितो, आणि सावकाश पितो. म्हणून एका वाटीला सव्वा वाटी पातळ लागतं, आणि कालवल्यावर पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात कोंडा भिजून मऊ पडतो, मग घशाला लागत नाही. पॅनकेक हलका करायचा तर तो असा होतो, चाळून नव्हे. दुसरं सोड्याचं. बेकिंग पावडरीत आंबट आधीच मिसळलेलं असतं, सोड्यात नसतं. सोडा आंबटाशी भेटला तरच नीट फसफसतो. गोड दुधात त्याला भेटायला कुणीच नव्हतं, म्हणून तो साबण होऊन बसला. दुधाऐवजी ताक घ्यावं, तेही कालचं, जरा आंबटलेलं, आणि एका वाटी पिठाला सोडा पाव चमचा बास. तोही पीठ मुरल्यावर, अगदी तवा तापल्यावर घालावा. आधी घातला तर सगळी हवा भांड्यातच निघून जाते.

बुधवारी पुन्हा केलं. साखरेऐवजी केळं कुस्करलं. आमच्या रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात केळ्याला काय तोटा? जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण जो घड गाडीत चढत नाही, ज्याच्या सालीवर काळे ठिपके पडतात, तो बांधावरच राहतो. तेच केळं यासाठी सगळ्यात गोड. एका वाटी पिठाला एक केळं, चिमूट मीठ, चमचाभर शेंगदाण्याचं तेल. कालवताना फार घोटायचं नाही. गुठळ्या दिसल्या तर दिसू द्यायच्या, मुरल्यावर त्या आपोआप जातात. जास्त घोटलं की गव्हाचा चिकटा जागा होतो आणि पॅनकेक रबरासारखा ताणतो.

तवा बिडाचा घेतला. तेल फिरवायला कांदा नको, गोडाला वास लागतो. भरीताच्या वांग्याचा देठाकडचा तुकडा सुरीला टोचून घेतला, तो उत्तम. आच मंद. पळीभर पीठ ओतलं आणि हात लावला नाही. आधी कडा निस्तेज पडली, मग मधे एक बुडबुडा आला, मग पाच-सात. बुडबुडा फुटून त्याचं छिद्र तसंच उघडं राहिलं, पुन्हा भरून आलं नाही, की उलटायचं. त्याआधी उलटलं तर मोडतं. दुसरी बाजू पहिल्याच्या निम्म्या वेळात होते. नातवाने तीन खाल्ले. वर काकवी घातली होती. मेपल सिरप आमच्या बाजारात नाही, आणि नसेना का. ते कॅनडाकडच्या झाडाचा रस आटवून करतात, चाळीसेक लिटर रसाचं लिटरभर होतं म्हणतात. त्यांचं झाड त्यांना, आमचा ऊस आम्हाला. आजोबाला शुगर आहे, त्यामुळे माझ्या वाट्याला काकवी नाही, एक पॅनकेक आणि सुनेची नजर.

मग मला चेव आला आणि गुरुवारी दादरीचं करायला बसलो. आपल्या शहरी वाचकांसाठी : दादर म्हणजे तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीला, पावसाच्या मुरलेल्या ओलीवर येणारी आमची ज्वारी. दाणा मोत्यासारखा, भाकरी पांढरीशुभ्र. पण ज्वारीत गव्हासारखा चिकटा नाही. पीठ बुडबुडे धरू शकत नाही, उलटताना तुकडे होतात. माझेही झाले. मग आठवलं की भाकरीला बाया आधण का घालतात? गरम पाण्याने पिठाला विरी (चिकटपणा) येते. तेच इथे. निम्म्या पिठावर कढत पाणी ओतलं, ढवळून निवू दिलं, मग उरलेलं पीठ आणि ताक. उलटता आलं. गव्हाइतकं फुगलं नाही, पण मोडलं नाही. पीठ मात्र ताजं हवं. महिन्याचं जुनं असेल तर विरी गेलेली असते, मग कितीही आधण घाला.

आणि शेवटी कळणा, आमच्या तोंडी कयना. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद आणि खडे मीठ, एकत्र दळलेलं. माझी माय हे घरोटावर दळायची (जात्याला आमच्याकडे घरोट म्हणतात), उडदाची काळी साल पिठात ठिपक्यांसारखी दिसायची. या पिठाला आधण नको, काही नको. उडदाचा चिकटपणाच ज्वारीला धरून ठेवतो. ताकात पातळ कालवायचं, अर्धा तास ठेवायचं, त्यात कांदा, कोथिंबीर, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि तव्यावर पसरून वर झाकण. कडा आपण होऊन सुटते. माय त्याला धिरडं म्हणायची, नातू तिखट पॅनकेक म्हणतो. नावावरून मी भांडत नाही. तो खातो, विषय संपला.

जाता जाता पाकिटाचं. पाककृतीच्या शेवटी आपण लिहिलंय, ‘वेळ नसल्यास बाजारातील मल्टिग्रेन मिक्स वापरावे.’ मुलाने शहरातून तसं एक आणलं होतं. पुढच्या बाजूला पाच धान्यांच्या लोंब्यांचं चित्र. मागे बारीक अक्षरात घटक. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिला शब्द होता रिफाइन्ड व्हीट फ्लोअर, म्हणजे मैदा. दुसरी साखर. ज्वारी-नाचणी साखरेच्याही खाली. वाचकांना एवढंच सांगा की पाकीट उलटून पहिले दोन शब्द वाचा. पुढच्या चित्राला फसू नका, आणि रंगालाही नाही.

अख्खं पीठ पाकिटात महिनोन्महिने टिकवणं अवघडच, हेही खरं. अंकुरात तेल असतं, दळल्यावर त्याला हवा लागते आणि ते खवट होत जातं. बाजरीचं पीठ तर आठवड्यात कडवट लागायला लागतं. अंकुर काढला की पीठ टिकतं. मैदा वाण्याच्या दुकानात तसाच पडून राहतो तो यामुळेच. माझ्या गिरणीत पूर्वी दर चार दिवसांनी दोन किलोचे डबे यायचे, आता महिन्याचं दहा किलो एकदम येतं. त्यात माझी वीज वाचते, पण मी तरी लोकांना सांगतो, थोडं थोडं आणा. दगड फार आवळून दळलं तर पीठ गरम पडतं, हाताला चटका लागतो, तेही मग लवकर बिघडतं. बायांना माझ्याहून जास्त कळतं. त्या आल्या-आल्या विचारतात, आधी काय दळलं? ‘गव्हावर गहूच टाका आबा, बाजरीवर नको.’

2023 साल भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. तालुक्याला फलक लागले, श्रीअन्न, श्रीअन्न. माझ्या गिरणीत त्या वर्षी ज्वारीचा एक डबा वाढला नाही. रेशनचा गहूच येत राहिला. म्हणून खरं सांगतो, त्या ताईंनी ‘पॅनकेकनं पीठ’ मागितलं तेव्हा मला हसू आलं, पण बरंही वाटलं. दळायला काहीतरी नवीन मागणारं माणूस बऱ्याच वर्षांनी आलं होतं. त्यांना मी निम्मा गहू, निम्मी दादर जरा रवाळ दळून दिली आणि ती चाळण्याची ओळ पेनाने खोडून कात्रण परत केलं.

तेव्हा विनंती एवढीच की येत्या रविवारी पुरवणीत चौकट टाकून ती ओळ दुरुस्त करावी. त्या अख्ख्या ओळीच्या जागी ‘पीठ न चाळता सव्वा वाटी ताकात कालवून वीस मिनिटे झाकून ठेवावे’ असं छापावं. जागा तेवढीच लागेल, मी शब्द मोजलेत. जमलं तर शनिवारीच छापा. रविवारी आमच्याकडे भारनियमन असतं, दळणं शनिवारी होतात.

आपला,
एक गिरणीवाला
ता. चोपडा, जि. जळगाव