सिस्टर, तुम्ही विचारलंत म्हणून

प्रिय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. पत्र चारचौघांत जाणार आणि तुम्हाला ते आवडायचं नाही. सर्जनांचे आभार मी त्यांच्या केबिनमध्ये पेढ्यांचा पुडा ठेवून मानले. तुमच्याकडे आले तेव्हा तुमची ड्यूटी बदललेली होती. आणि खरं सांगू का, तुमचं पेढ्यांवर भागण्यासारखं नव्हतंच.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेतली निवृत्त शिक्षिका, वय 61, आता मुलाकडे पुण्यात. मधुमेहामुळे वजन उतरवलं. साखर आटोक्यात आली, पण हनुवटीखालची कातडी लोंबायला लागली आणि गळ्यावर दोन उभ्या शिरा ताणल्यासारख्या दिसायला लागल्या. त्या शिरा नसतात हे मला सर्जनांकडे कळलं. प्लॅटिझ्मा नावाचा एक पातळ स्नायू गळ्यावर पसरलेला असतो, वयानुसार त्याच्या कडा सुटतात आणि वर दिसू लागतात. मी करून घेतलं ते गळ्याचं ऑपरेशन म्हणजे नेक लिफ्ट. त्यात हनुवटीखाली छोटा छेद देऊन त्या कडा मधोमध शिवतात, मग कानामागून कातडी उचलून जादाची कापून टाकतात. ऐकायला ब्लाउज आल्टर करण्याइतकं सोपं वाटतं. नसतं.

मी हे करणार म्हटल्यावर घरात, सोसायटीत, माहेरी एकच प्रश्न: कशाला? नणंदबाई तर म्हणाल्या, "आता गळा दाखवायचाय कुणाला?" मी मास्तरीण, उत्तर तयार ठेवलेलं. अहो, प्लास्टिक सर्जरी आपल्या पुण्याला नवी आहे का? कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. तो टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ती हकिकत चित्रासकट 1794 साली लंडनच्या मासिकात छापून आली आणि तिकडच्या सर्जनांनी त्यावरून धडे घेतले. नणंदबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याचं नाक गेलं होतं. तुझं काय गेलंय?"

मुद्दा बिनतोड होता. माझं काहीच गेलं नव्हतं. मला हवं होतं म्हणून केलं, माझ्या पैशांनी केलं. सरकारही नणंदबाईंच्याच बाजूनं आहे: असल्या हौसेच्या ऑपरेशनला मेडिक्लेम मिळत नाही, वर जीएसटी भरावा लागतो. जन्मजात दोष असेल किंवा अपघातात काही बिघडलं असेल तर गोष्ट वेगळी.

तुम्ही मात्र "कशाला" असं एकदाही विचारलं नाहीत. तुमचे प्रश्न निराळेच होते.

ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीचा दिवस आठवतो? फॉर्मवर "धूम्रपान" होतं, सर्जनांनी विचारलं, मी नाही म्हटलं. आयुष्यात कधी विडीला हात लावलेला नाही. तुम्ही माझ्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत होतात आणि मान वर न करता म्हणालात, "काकू, मशेरी लावता का?"

"सकाळी, दात घासताना."

"आणि?"

"दुपारी जेवल्यावर जराशी."

"आणि झोपताना?"

मी गप्प. तुम्हाला कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणालात, "माझी आजी लावायची." माझे दात बघून कळलं असणार, पण तुम्ही आजीला पुढे केलंत.

तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटली तरी ती तंबाखूच, हे तुम्ही मला खुर्ची ओढून समजावलंत. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात. उचललेल्या कातडीचा खालचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, कडेनं येईल तेवढ्या रक्तावर ती जगते. तेही आवळलं तर कानामागची कातडी काळी पडते, मरते, जखम उघडी राहते. तुम्ही लगेच आत जाऊन सांगितलंत आणि सर्जनांनी तारीख पुढे ढकलली. आधी किमान चार आठवडे मशेरी बंद, नंतरही जखम पक्की भरेपर्यंत बंद. निकोटिनचं च्युइंगम चघळू का, असं मुलानं विचारायला लावलं, तर त्यातही तेच असतं म्हणून तेही नाही. तुम्ही ओवा आणि बडीशेप सुचवलीत. ओव्यानं जीभ पोळली, डोकं दुखलं, ह्यांच्यावर विनाकारण ओरडले, पण निभावलं. मशेरीचा डबा सूनबाईंनी फेकला. माझ्या हातून फेकवला गेला नसता, हेही लिहून ठेवते.

मग ती गोळ्यांची पिशवी. "घरात जे जे घेता ते सगळं आणा" म्हणालात आणि टेबलावर उलटी केलीत. फिश ऑइल, ई जीवनसत्त्व, लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या कॅप्सूल, गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन. रक्त वाहतं ठेवणाऱ्या ह्या सगळ्यांना तुम्ही एका बाजूला सारलंत आणि सर्जनांना दाखवून दोन आठवडे आधीपासून बंद केलंत. ह्यांची ॲस्पिरिनही त्याच पिशवीत आली होती, तेव्हा तुम्ही जे बजावलंत ते सगळ्यांनी ऐकावं असं आहे: हृदयासाठी दिलेली गोळी आपल्या मनानं थांबवायची नाही, ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारायचं. फोडणीतल्या लसणाला तुम्ही माफी दिलीत, त्याबद्दल वेगळे आभार.

आदल्या रात्रीच्या उपासाचंही तसंच. आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी. तुम्ही फोन करून सांगितलंत की सहा तास आधीपासून पोटात काही नको, साधं पाणी तेवढं दोन तास आधीपर्यंत चालेल आणि दुधाचा चहा हा पाण्यात मोजायचा नाही. चहाचं तुम्ही मुद्दाम सांगितलं नसतंत तर मी सकाळी नक्की घेतला असता.

ऑपरेशनच्या सकाळी नखांचं पॉलिश पुसलंत, कारण बोटाला लावायच्या चिमट्याला नखातून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा असतो. बांगड्या निघाल्या, जोडवी निघाली. मंगळसूत्रापाशी माझा हात अडला. आत कॉटरी, म्हणजे विजेनं डागून रक्त थांबवायचं साधन, वापरतात, अंगावर धातू ठेवता येत नाही, हे मला समजत होतं, तरी अडला. तुम्ही वाद घातला नाहीत. ह्यांना आत बोलावलंत: "काका, तुम्हीच काढा, तुमच्याच खिशात ठेवा आणि इथे सही करा." ह्यांना आकडा काही सापडेना. चष्मा कपाळावर चढवून माझ्या मानेवर चाचपडत उभे, श्वास मानेला लागतोय, आणि शेवटी "आई गं, हे कुणी बनवलंय" असं पुटपुटले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, मला त्या स्ट्रेचरवर हसू आवरेना.

आता त्या रात्रीबद्दल. माझ्या मते तुमची खरी कामगिरी ती.

गळ्याला पट्टा, कानामागून निघालेल्या दोन नळ्या, त्यांच्या टोकांना रबरी फुगे. रात्री अकराच्या सुमाराला बीपी 168/94. ह्या ऑपरेशननंतर कातडीखाली रक्त साचण्याची सगळ्यात जास्त भीती असते, ते बहुतेक पहिल्या चोवीस तासांतच साचतं, आणि चढलेलं बीपी त्याला आमंत्रण देतं. हे मला आधी सांगितलेलं होतं, त्यामुळे आकडा ऐकून मी आणखीच घाबरले. तुम्ही दोन्ही बाजू बोटांनी हलकेच दाबून पाहिल्या, एकीकडे जास्त ताण किंवा दुखणं आहे का विचारलंत, फुग्यांत जमलेलं रक्त मोजलंत, सर्जनांना फोन लावलात. सगळं ठीक होतं. मग माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणालात, "काकू, लघवी केव्हा झाली?"

झालीच नव्हती. खोलीत हे आणि मुलगा बसलेले, त्यांच्यादेखत बेडपॅन कसं मागायचं? सलाइन चाललेलं, ओटीपोट दगड झालेलं, आणि मी दात आवळून पडलेली. तुम्ही दोघांना चहाला पाठवलंत. ते परत येईपर्यंत बीपी 136 वर आलं होतं. भरलेल्या मूत्राशयानं बीपी चढतं हे मला तेव्हा कळलं. अशा वेळी लाजून गप्प बसणाऱ्या माझ्यासारख्या बायका खूप असणार.

घरी आल्यावरचे दिवस सांगण्यासारखे कमी आणि सोसण्याचे जास्त. दुखणं मी समजत होते त्यापेक्षा बरंच कमी, आवळल्यासारखं मात्र फार, अगदी गिळतानासुद्धा. तुम्ही सूनबाईंना करून दाखवलं होतंत: पाठीमागून उतार करायचा, पण जाड उशी नाही, कारण उशीनं हनुवटी छातीकडे झुकते आणि गळ्याला घडी पडते. मोबाइल डोळ्यांसमोर धरायचा. बाजूला बघायचं तर खांद्यांसकट वळायचं. खायला मऊ भात, पेज, मुगाचं वरण, भाकरी नंतर, लोणचं-पापड नाही, मिठानं सूज राहते. डोक्यावरून घालायचे कपडे नकोत, म्हणजे आपली साडी-ब्लाउजच सोयीची, ह्याचा मला फार आनंद झाला. निळं-पिवळं उतरायला दोनेक आठवडे गेले. हसताना खालचा ओठ एकीकडे कमी उतरायचा, त्यानं मी हादरले होते. तुम्ही फोनवर विचारलंत, "दातांवर ओठ मिटतो ना? पाणी गळत नाही ना?" आणि फोटो मागवून सर्जनांना दाखवलात. ते म्हणाले, नस दुखावली आहे, येईल जागेवर. आला.

कानाच्या पाळ्या अजून बधिर आहेत. तिथली बारीक नस कानाकडे जाताना ह्याच वाटेनं जाते, जाग यायला काही महिने लागतात. आमच्या जाऊबाई लांबून गरम तेल आणि शेकायची पिशवी घेऊन आल्या होत्या, प्रेमानंच. त्याच दिवशी तुमचा फोन आला: "काकू, शेक नाही, गरम तेल नाही, केसांना ड्रायर नाही. भाजलं तरी तुम्हाला कळणार नाही." जाऊबाईंनी तेल स्वतःच्या गुडघ्यांना लावलं.

गळा कसा झाला, हे विचारणाऱ्यांना सांगते: बरा झाला. तिशीतला झाला नाही, तसं कुणी कबूलही केलं नव्हतं. गळ्यावरच्या त्या दोन उभ्या दोऱ्या गेल्या, हनुवटीला कड आली, कानामागचे व्रण अजून गुलाबी आहेत आणि बाहेर पडताना त्यांना सनस्क्रीन लावते. नणंदबाईंनी बघून "हं" म्हटलं, आणि आठवड्यानं फोन करून खर्च किती आला ते विचारलं.

एक काम तुमच्यावर टाकते आहे. तुमच्याकडचा तो तपासणीचा फॉर्म इंग्रजीत आहे आणि त्यात "धूम्रपान" एवढंच आहे. आमच्या भागातल्या बायका तिथे "नाही" असंच लिहिणार, आणि ते खरंच असणार. मी मराठीत नवा फॉर्म लिहून काढलाय. त्यात मशेरी, तपकीर, तंबाखू, गुटखा ह्यांची वेगवेगळी घरं केली आहेत, पुढे "दिवसातून किती वेळा" असं घर आहे, आणि कॅप्सूल-काढे-चूर्णांसाठी मोकळ्या ओळी ठेवल्या आहेत. व्रण दाखवायला येईन तेव्हा आणते. वैद्यकीय भाग सर्जनांकडून तपासून घ्या. शुद्धलेखन तपासू नका, ते मी केलंय.

तुमची,
कोपऱ्यातल्या खोलीतली मशेरीवाली काकू