टायरमधील हवेचा इशारा देणारी यंत्रणा बंद करू नका, रास्त खर्चात दुरुस्त करा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहा-बारा वर्षे वापरलेल्या उंची मोटारी आता इंदूरच्या मध्यमवर्गीय घरांसमोरही उभ्या दिसतात. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या कित्येक जर्मन गाड्या नव्या छोट्या मोटारीच्या किमतीत मध्य प्रदेशात विकल्या जातात. पुण्या-मुंबईत स्थायिक झालेली मुले नवी गाडी घेताना जुनी गाडी इथे आई-वडिलांकडे ठेवून जातात, असेही अनेक घरांत घडते. अशा गाडीच्या मालकाला लवकरच एका प्रश्नाला तोंड द्यावे लागते. टायरमधील हवेचा इशारा देणारा पिवळा दिवा लागतो आणि हवा भरूनही विझत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चारही सेन्सर बदलण्याचा जो खर्च सांगितला जातो, तो ऐकून मालक एक तर दिव्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, नाही तर बाहेरच्या मेकॅनिककडून ती यंत्रणाच सॉफ्टवेअरमधून बंद करून घेतो. हे बंद करण्याचे काम अलीकडे फार सहजपणे होऊ लागले आहे आणि ते मला अतिशय धोकादायक वाटते. ही यंत्रणा सुरक्षितता न गमावता, आवाक्यातल्या खर्चात पूर्ववत करता येते, हे आपल्या वाचकांपुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

यंत्रणा बंद करण्यातला धोका उंची गाडीत अधिक का, हे आधी सांगतो. यांपैकी अनेक गाड्यांना, विशेषतः बीएमडब्ल्यूच्या गाड्यांना, कारखान्यातूनच रनफ्लॅट टायर येतात. त्यांच्या बाजूच्या भिंती इतक्या ताठ असतात की हवा गेल्यावरही टायर बसलेला दिसत नाही आणि स्टिअरिंगवरही फारसे काही जाणवत नाही. साधारणपणे ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून सुमारे ८० किलोमीटर जाता येईल एवढीच त्यांची क्षमता असते. परंतु हवा गेली आहे हेच चालकाला कळले नाही, तर ही मर्यादा त्याने पाळायची कशी? अशा गाडीत बहुधा स्टेपनीही नसते. आपल्याकडे २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिने स्टेपनी न ठेवण्याची मुभा दिली ती ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा या तिन्हींच्या भरवशावर. त्यांतली यंत्रणाच काढून टाकून कुटुंबाला घेऊन बिजासन घाट उतरून धुळ्या-नाशकाकडे जाणे हा कोणता शहाणपणा? कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतो, वाकल्याने आतून तापतो आणि उन्हाळ्यात भरल्या गाडीच्या वजनाखाली महामार्गाच्या वेगात फुटू शकतो.

खर्च करण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे. पहिली अशी, की सगळ्याच गाड्यांच्या चाकांत सेन्सर नसतात. काही गाड्यांत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर प्रत्यक्ष दाब मोजतो. इतर गाड्यांत, आउडी व फोक्सवॅगन समूहाच्या बऱ्याच मॉडेलांत, एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, चाकाचा वेग मोजणारे सेन्सरच हे काम करतात. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित घटतो, ते इतरांपेक्षा थोडे जलद फिरते आणि त्यावरून इशारा दिला जातो. बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजमध्ये मॉडेल व वर्ष पाहून दोन्ही प्रकार आढळतात. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत चारही टायर थंड असताना योग्य हवा भरून मेन्यूतून यंत्रणा रीसेट केली की बहुतेक वेळा काम भागते. गाडीच्या स्क्रीनवर प्रत्येक चाकाचा दाब वेगवेगळ्या आकड्यात दिसत असेल तर चाकात सेन्सर आहेत. तसे दिसत नसेल तर मालकाने चेसिस क्रमांकावरून सुट्या भागांची यादी तपासून घ्यावी. जिथे मुळात सेन्सरच नाहीत, त्या गाडीसाठी सेन्सरचे पैसे मोजण्याची वेळ कोणावर येऊ नये.

दुसरी गोष्ट दिव्याची भाषा. बहुतेक गाड्यांत गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेत बिघाड असतो, आणि तो सुरुवातीपासूनच स्थिर लागला तर हवा खरोखर कमी असते. तापमान सुमारे दहा अंश सेल्सिअसने उतरले की टायरचा दाब साधारण दीड पीएसआयने घटतो. मेच्या तापलेल्या दुपारी भरलेली हवा जानेवारीतल्या इंदूरच्या पहाटे तेवढीच कशी राहील? थंडीच्या पहिल्या आठवड्यात लागलेल्या दिव्याचा दोष सेन्सरला देण्याआधी हवा तपासावी.

आता मुख्य प्रश्न, सेन्सर मरतो का आणि बदलायचा कसा. हे तंत्र नवे नाही. १९८६च्या पोर्शे ९५९ मध्ये ते होते. अमेरिकेत टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर २००० साली कायदा झाला आणि २००७च्या सप्टेंबरपासून तिथे सर्व नव्या हलक्या वाहनांत ते सक्तीचे झाले. युरोपीय संघात १ नोव्हेंबर २०१४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या प्रवासी मोटारीला ते लागू झाले. त्या काळातल्या जर्मन गाड्या आज आपल्याकडे जुन्या म्हणून येत आहेत आणि त्यांच्या सेन्सरमधील लिथियमची बॅटरी, जिचे आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षांचे असते, नेमकी आता संपते आहे. ही बॅटरी रेझिनमध्ये पक्की बुजवलेली असल्यामुळे घड्याळाच्या सेलसारखी काढून घालता येत नाही. काही हौशी मंडळी रेझिन कोरून नवा सेल डाग देऊन बसवतात. पण सेलला थेट डाग देताना तो उष्णतेने खराब होतो, पुन्हा केलेले आवरण ओलावा आत घेते आणि चाकाबरोबर वेगाने फिरणाऱ्या वस्तूत असे काम टिकेल याचा भरवसा नसतो. चार पैसे वाचवण्याचा हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

बचतीचा खरा मार्ग भाग कुठून घ्यायचा यात आहे. गाडीची कंपनी सेन्सर सहसा स्वतः बनवत नाही. हुफ, श्रेडर, कॉन्टिनेन्टल यांसारखे पुरवठादार तो बनवतात आणि गाडीच्या कंपनीच्या डब्यातून तो आपल्याला महाग मिळतो. त्याच पुरवठादाराचा त्याच क्रमांकाचा भाग त्याच्या स्वतःच्या नावाच्या डब्यात बाजारात बराच स्वस्त मिळतो. त्याशिवाय प्रोग्राम करता येणारे सेन्सर आता उपलब्ध आहेत: श्रेडरचा ईझी-सेन्सर, हुफचा इंटेलिसेन्स, ऑटेलचा एमएक्स-सेन्सर. टायरवाल्याकडच्या हातातल्या उपकरणाने त्यांत गाडीचे मॉडेल व वर्ष भरले की ते त्या गाडीच्या मूळ सेन्सरप्रमाणे संदेश पाठवू लागतात. माझ्या स्वतःच्या बारा वर्षांच्या गाडीसाठी असे चार सेन्सर, बसवण्याची मजुरी आणि बॅलन्सिंग धरून, अधिकृत केंद्राने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी खर्चात झाले आणि यंत्रणा नीट चालू आहे.

या सेन्सरची सर्वांत उपयुक्त सोय म्हणजे जुन्या सेन्सरचा ओळखक्रमांक नव्यात उतरवता येतो. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो व गाडी तेवढे चार क्रमांकच ओळखते. तोच क्रमांक नव्या सेन्सरमध्ये घातला तर गाडीला काही बदलले आहे हे कळतही नाही आणि स्कॅनर लावून नोंदणी करण्याचे पैसे वाचतात. जुन्याची बॅटरी पूर्ण संपली असली तरी त्याच्या अंगावर क्रमांक बहुधा छापलेला असतो, तो हाताने भरता येतो. म्हणून टायरवाल्याने काढलेले जुने सेन्सर चाकाप्रमाणे खूण करून मागून घ्यावेत, तिथेच टाकू देऊ नयेत. एवढेच नव्हे, बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजच्या अनेक गाड्या मेन्यूतून रीसेट करून काही मिनिटे चालवल्या की नवे क्रमांकही स्वतः शिकतात. लेक्ससप्रमाणे काही जपानी गाड्यांना मात्र उपकरण जोडूनच नोंदणी करावी लागते. बिलात ‘कोडिंग’ असा वेगळा आकार दिसला तर आपल्या गाडीला त्याची गरज आहे का, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

परदेशी भंगारातले स्वस्त सेन्सर मागवणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. अमेरिकेतल्या अनेक गाड्यांचे सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात, तर आपल्याकडच्या युरोपीय गाड्यांमधला संदेश घेणारा भाग (रिसीव्हर) ४३३ मेगाहर्ट्झवर ऐकतो. दिसायला तोच, नावाला तोच, पण गाडीला ऐकूच येत नाही असा सेन्सर कितीही स्वस्त असला तरी वाया गेलेला पैसाच आहे. शिवाय वापरलेल्या सेन्सरमधली बॅटरीही वापरलेलीच असते.

एकच सेन्सर मेला तर चारही बदलावेत का, असे अनेक जण विचारतात. दगड लागून किंवा टायर काढताना तुटला असेल आणि गाडी तरुण असेल, तर एकच बदलावा. आठ-दहा वर्षांच्या गाडीत पहिला बॅटरी संपून गेला असेल तर उरलेले तीन त्याच वयाचे आहेत. प्रत्येकासाठी वेगळा टायर उतरवण्याची व बॅलन्सिंगची मजुरी देण्यापेक्षा पुढचे टायर बदलण्याच्या वेळी चारही एकदम बदलणे स्वस्त पडते. तोवर काम चालवायचे असेल तर व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे बाह्य सेन्सर आणि डॅशबोर्डवर ठेवायचा छोटा डिस्प्ले असा संच मिळतो. गाडीचा स्वतःचा दिवा त्याने विझत नाही, टोप्या चोरीला जाऊ शकतात आणि रबरी व्हॉल्व्हवर त्यांचा भार पडतो. तरीही काहीच नसण्यापेक्षा हा संच मला कितीतरी चांगला वाटतो.

आपल्या शहरातल्या टायरवाल्यांनाही माझी विनंती आहे. टायर रिमवरून सोडवताना यंत्राचा दाब व्हॉल्व्हच्या बाजूला पडला की चांगला सेन्सर तिथेच तुटतो. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये पितळी पिन किंवा वर पितळी टोपी घातली की दोन धातूंमध्ये गंज चढतो, टोपी जाम होते आणि ती पिळून काढताना व्हॉल्व्ह तुटतो. अशा व्हॉल्व्हला निकेल चढवलेली पिन व प्लास्टिकची टोपीच लागते. रबरी वॉशर, नट व पिन यांचा छोटा संच प्रत्येक टायर बदलताना नवा घालावा, त्याचा खर्च किरकोळ असतो. पंक्चर बुजवण्याचे द्रव रसायन टायरमध्ये ओतण्यापूर्वी आत सेन्सर आहे का, हे विचारावे, कारण त्याचे दाब मोजण्याचे छिद्र त्याने बंद होऊ शकते. सेन्सर प्रोग्राम करण्याचे उपकरण ज्या दुकानात असेल, त्याने तशी पाटी लावली तर ग्राहक शोधत येतील.

अधिकृत केंद्रांनी अंदाजपत्रकात भागाचा क्रमांक, भागाची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहून द्यावी, म्हणजे ग्राहकाला तुलना करता येईल. आणि जुन्या गाड्यांचे व्यवहार करणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की ज्या गाडीतली हवादाब-यंत्रणा सॉफ्टवेअरमधून बंद केलेली आहे, तिच्या विक्रीपत्रावर तसे स्पष्ट लिहावे. घेणाऱ्यानेही इग्निशन चालू करताच इतर दिव्यांबरोबर हा पिवळा दिवा क्षणभर लागतो की नाही, हे पाहावे. तो मुळीच लागत नसेल तर सौदा पक्का करण्यापूर्वी कारण विचारावे आणि चार सेन्सरचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.

आपला,
एक नियमित वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर